हलायचं नाही, एवढाच व्यायाम

कराटेच्या क्लासला नव्या मुलांना 'किबा-दाची'त उभं करतात. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं. मिनिटभरात मांड्या थरथरतात आणि सर ओरडतात, "सहन करा!" हे 'सहन करा' फार जुनं आहे. चिनी आखाड्यांत उदबत्ती जळून संपेपर्यंत शिष्यानं बैठक सोडायची नाही, असा दंडक सांगतात. हेबेई प्रांतातल्या शिंगयीछ्वान या लढाऊ शैलीत ठोसे शिकवण्याआधी 'सान्ती' या एकाच पवित्र्यात उभं करत.

याच शैलीत घडलेल्या वांग शियांगझाय (१८८५–१९६३) यांनी मात्र दुखण्याचा अर्थच बदलला. १९२० च्या दशकात त्यांनी हालचालींच्या ठरीव मालिका बाजूला ठेवल्या आणि 'झान झ्वांग', म्हणजे खांबासारखं उभं राहणं, हाच आपल्या यीछ्वान शैलीचा गाभा केला. गुडघे किंचित सैल, हात छातीपुढे, जणू मोठा चेंडू कवेत धरलाय. तो चेपायचा नाही आणि पडूही द्यायचा नाही. मनाला असं नेमकं काम मिळतं. खांदे भरून आले की दातओठ खायचे नाहीत, शोधायचं. मान का ताठली? जबडा का आवळला? ज्याची गरज नाही तो ताण सोडून द्यायचा, आणि तरीही हात खाली येऊ द्यायचे नाहीत. मला हा बदल फार मोठा वाटतो, कारण इथे वेदना ही शिक्षा न राहता खूण झाली.

शरीरशास्त्रही याला धरूनच आहे. सतत आवळलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्त कमी पोचतं, चयापचयातली द्रव्यं साचतात आणि आग होते. धावताना स्नायू आवळतो-सुटतो, इथे ती सूट मिळत नाही. श्वास रोखला तर रक्तदाब आणखी चढतो, म्हणून श्वास सहज ठेवायचा. मांडीतली आग चालेल, पण गुडघ्यात कळ आली तर तिथेच थांबायचं.

पश्चिमेत हाच व्यायाम निराळ्या वाटेनं आला. १९५३ साली जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर या संशोधकांनी मांडलं, की कमाल ताकदीच्या दोनतृतीयांश जोरानं रोज एकदा सहा सेकंद, न हलता, स्नायू आवळला तरी ताकद वाढते. त्यांनी सांगितली तेवढी वाढ पुढच्या अभ्यासांत दिसली नाही. तरी १९६० च्या दशकात अमेरिकेत त्याची लाट आली, ब्रूस लीनंही हे व्यायाम केले. पण तिथे सगळा भर जोर लावण्यावर होता. दुखण्याकडे बघायला सहा सेकंदांत सवड कुठली?

वांग यांची रीत जपानला नेली केनिची सावाई यांनी. ते जुडो आणि केंदो या जपानी तलवारबाजीत मुरलेले, बीजिंगमध्ये वांग यांच्यापुढे हरले आणि त्यांचेच शिष्य झाले. १९४७ साली त्यांनी 'ताइकिकेन' ही शैली सुरू केली. टोकियोत मेइजी मंदिराच्या झाडीत ते शिकवायचे. पूर्ण ताकदीनं मारणारे क्योकुशिन कराटेतले लढवय्येही तिथे येत, आणि सावाई त्यांनाही झाडाखाली उभं राहायला लावत.