चार बोटं पाण्यावरचा वसंत

युरोपातल्या दलदलीच्या गवताळ राखीव क्षेत्रांत वसंतात कोण घरटं करणार, हे उन्हापेक्षा पाण्याच्या पातळीवर ठरतं. पातळी चार बोटं इकडेतिकडे झाली की मार्च ते जूनचं सगळं गणित बदलतं.

पाणलावा या दलदलीतल्या पक्ष्याची चोच सुमारे 7 सेंटिमीटर लांब असते. तिचं टोक संवेदनशील आणि लवचिक असतं, त्यामुळे चोच चिखलात रुतलेली असतानाही त्याला फक्त टोक उघडून भक्ष्य पकडता येतं. पण त्यासाठी माती लोण्यासारखी मऊ हवी. पाणी जमिनीखाली वीतभरापेक्षा खोल गेलं की ती घट्ट होते आणि चोच शिरतच नाही. पहाटे किंवा संध्याकाळी आकाशातून शेळीच्या बेंबाटण्यासारखा थरथरता आवाज आला, तर तो या पक्ष्याच्या गळ्यातला नव्हे. नर उंचावरून सूर मारतो तेव्हा शेपटीची कडेची पिसं हवेत कंप पावतात, त्यांचा तो आवाज.

लांब तुरा मिरवणाऱ्या टिटवीची चोच आखूड असते. ती जमिनीवरचे किडे टिपते, म्हणून तिला आखूड गवत आणि डबक्यांचे ओले काठ लागतात. साधारण चार अंडी 26 ते 28 दिवस उबवल्यावर पिल्लं बाहेर येतात, लगेच चालू लागतात आणि स्वतःच खातात. उडायला मात्र त्यांना 35 ते 40 दिवस लागतात. तेवढ्यात गवत दाट वाढलं, तर पिल्लं त्यात अडकतात, भिजून गारठतात.

मग सगळं कुरणच पाण्याखाली ठेवलं तर? ही चूक महागात पडते. हिवाळाभर पाणी साचून राहिलं की गांडुळं निघून जातात किंवा मरतात आणि पक्षी येतात तेव्हा माती मऊ असूनही रिकामी असते. पाणी उथळ खळग्यांत राखावं, मधली जमीन नुसती ओलसर ठेवावी. वसंत सरताना चरांत पाणी अडवणाऱ्या फळ्या एकेक काढून पातळी हळूहळू उतरवली, की चिखलाचा ताजा काठ उघडा पडत राहतो.

साचलेल्या पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणून इथल्या अनेक वनस्पती मुळांपर्यंत हवा पोचवणाऱ्या पोकळ्या बाळगतात. जंकस या गवतासारख्या पाणवनस्पतीचा गोल दांडा सोलून पाहा, आत पांढरा स्पंज दिसेल. मार्श मॅरिगोल्डच्या पिवळ्याधमक ‘पाकळ्या’ खरं तर निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं आहेत. त्याची पिकलेली फळं पेल्यांसारखी उघडतात, पावसाचे थेंब बिया बाहेर उडवतात आणि त्या तरंगत जातात.

फिकट जांभळ्या कुकूफ्लॉवरच्या फुलांखालचे देठ निरखून बघावेत. ऑरेंज-टिप फुलपाखराचं मिलिमीटरभर लांबीचं अंडं तिथे सापडतं. आधी पांढरट, काही दिवसांत नारिंगी. एका तुऱ्यावर बहुधा एकच, कारण या अळ्या एकमेकींना खातात. पुढे कोष जवळपासच्या काडीला चिकटून हिवाळा काढतो, म्हणून उशिरा कापणी केली तरी कडेचा एक पट्टा न कापता सोडावा.

घरट्यांच्या दिवसांत गुरं अगदी मोजकी असावीत. कळप मोठा असला की अंडी तुडवली जातात. गवत कापताना यंत्र मधून सुरू करून बाहेर न्यावं. कडेकडून आत गेल्यास पिल्लं मध्यभागी कोंडली जातात आणि संकटात दबून बसण्याच्या सवयीपायी पात्याखाली सापडतात.

टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की घरटं किंवा पिल्लं जवळ आहेत असं समजावं. शोधत बसू नये, तेवढ्यात अंडी गार पडतात. आल्या वाटेनेच मागे फिरावं, नजर पायांखाली ठेवून; दबून बसलेलं पिल्लू चिखलाच्या ढेकळासारखंच दिसतं.