कचराभूमीलगतची वस्ती आणि आरोग्य (मुंबई)

मुंबईचा कचरा जिथे टाकला जातो, मुरवला जातो किंवा जाळला जातो, त्या जागांच्या आसपास राहणाऱ्यांच्या शरीर-मनावर होणारा परिणाम या नोंदीत पाहिला आहे. सरकारी कागदांवर या जागांना क्षेपणभूमी म्हणतात. शेजारी राहणारे नुसते ‘डम्पिंग’ म्हणतात.

यांतली सर्वांत जुनी देवनारची. 1927 पासून वापरात असलेल्या या सुमारे 132 हेक्टर जागेवर अंदाजे 1.85 कोटी टन कचरा साचला आहे. लगतच्या शिवाजी नगर-बैंगनवाडीत 1970 च्या दशकात महापालिकेनेच शहरातून उठवलेल्या झोपडीवासीयांना जागा आखून दिल्या. पुढे रफीक नगरसारख्या वस्त्या थेट कचऱ्याच्या भरावावर उभ्या राहिल्या. त्यामुळे ‘तिथे राहायला गेलेच कशाला’ हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न अन्यायाचा आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये भरावभूमी, म्हणजे कचरा पुरण्याची जागा, वस्तीपासून किमान 200 मीटर दूर असण्याची अट होती. देवनारला काही घरांच्या आणि ढिगाच्या मध्ये फक्त भिंत आहे.

ओला कचरा हवेविना कुजला की मिथेन तयार होतो. त्यासोबत सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. हा वायू अगदी अल्प प्रमाणातही नाकाला जाणवतो. डोके दुखणे, मळमळ, डोळे चुरचुरणे, झोपमोड या तक्रारी त्यातूनच येतात. त्रास रात्री आणि पहाटे जास्त का, याचे उत्तर वाऱ्यात आहे. दिवसा समुद्रावरून येणारा वारा वास खाडीकडे ढकलतो. रात्री वारा उलटतो, हिवाळ्यात तर थंड हवा जमिनीलगत साचून राहते, आणि कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीचा दर्प विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, भांडुपमध्ये घरात शिरतो. मग ऐन उकाड्यातही खिडक्या लावून घ्याव्या लागतात, दाराच्या फटीत ओले फडके कोंबले जाते. सकाळी पाहणीला अधिकारी येतात तेव्हा वारा फिरलेला असतो आणि वास गेलेला असतो. तक्रारदार खोटा पडतो तो असा.

देवनारला वासापेक्षा धूर घातक. पोटातल्या मिथेनमुळे ढीग दिवसचे दिवस आतून धुमसत राहतो. तांबे काढण्यासाठी तारांवरचे प्लॅस्टिकही जाळले जाते. जानेवारी 2016 च्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि परिसरातल्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. अशा धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दमा असलेली मुले आणि म्हातारी माणसे आधी आजारी पडतात.

आजार नेमका डम्पिंगमुळेच झाला, हे एकेका रुग्णाबाबत सिद्ध करणे कठीण असते. देवनारच्या ढिगालगतच्या गोवंडीत क्षयरोग फार आहे, पण तिथे दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे राहतात, पाणी विकत घ्यावे लागते, उघडी गटारे आहेत. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा परिसर ज्यात येतो तो महापालिकेचा एम पूर्व विभाग तळाला होता. इटलीच्या लाझिओ प्रांतात नऊ भरावभूमींच्या 5 किलोमीटर परिसरातल्या 2,42,409 रहिवाशांचा मागोवा घेतलेल्या अभ्यासात मात्र हायड्रोजन सल्फाइडचा संपर्क जास्त असलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू आणि श्वसनविकारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण जास्त आढळले. श्वसनविकारांचा फटका मुलांना विशेष बसला. पुरावा अपुरा म्हणून उपाय लांबवण्याला यानंतर आधार उरत नाही. रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारा गोवंडीतला प्रकल्प दोन वर्षांत हलवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला.

मनावरचा परिणाम अहवालांत क्वचित येतो. ताटावर माशा बसतात म्हणून पाहुण्याला जेवायला थांबा म्हणताना जीभ अडखळते. पत्ता सांगताना मुले गोवंडीऐवजी चेंबूर सांगतात. कपडे वाळत घातले तरी त्यांना वास धरतो, हे शाळेत त्यांना कोणीतरी ऐकवलेले असते.

सर्वांत जवळून झळ सोसतात त्या कचरा वेचणाऱ्या बाया. काच, सुया, वापरलेले सॅनिटरी पॅड हाताने निवडताना जखमा, त्वचारोग, वाकून वाकून पाठदुखी होते. स्त्री मुक्ती संघटनेने अशा स्त्रियांना संघटित करून वर्गीकरण आणि खतनिर्मितीचे काम मिळवून दिले. 2016 नंतर देवनारचा पहारा कडक झाला तेव्हा मात्र अनेकींचा रोजगार गेला, धूर तेवढा राहिला.

गोराईची क्षेपणभूमी बंद झाली, 2018 मध्ये मुलुंडचीही बंद झाली, आणि शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जाऊ लागला. त्याबरोबर तक्रारीही तिकडे सरकल्या. धारावी पुनर्विकासासाठी जागा मोकळी करायला देवनारचा जुना ढीग उपसायचे ठरले आहे. कुजलेले थर उघडे पडले की कोंडलेला वायू आणि धूळ बाहेर येते. काम चालू असेपर्यंत हवा सतत मोजणे, तीही रात्रीची आणि भिंतीला लागून असलेल्या गल्ल्यांमधली, आणि आकडे वस्तीत मराठी-हिंदीत लावणे, ही तिथल्या रहिवाशांची किमान गरज आहे.