सोनोग्राफीच्या कागदावरचं ‘नेफ्रो’

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो. अंगातलं पाणी घामावाटे निघून गेलं की लघवी कमी आणि दाट होते, तिच्यातल्या क्षारांचे स्फटिक बनतात आणि पथरी धरते. मग सोनोग्राफीचा कागद हाती येतो: ‘राइट रीनल कॅल्क्युलस, 6 एमएम, माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’. एका ओळीत एकाच अवयवाची दोन नावं!

‘रीनल’ आलं लॅटिन ‘रेन’वरून, ‘नेफ्रो’ ग्रीक ‘नेफ्रॉस’वरून. अर्थ एकच, मूत्रपिंड. शरीररचनेची वर्णनं युरोपात लॅटिनमध्ये झाली, म्हणून रक्तवाहिनी ‘रीनल आर्टरी’. आजार आणि शस्त्रक्रियांची नावं मात्र बहुतेक ग्रीक: नेफ्रायटिस म्हणजे मूत्रपिंडाचा दाह, नेफ्रेक्टमी म्हणजे ते काढून टाकणं.

मूळ धातू ‘नेफ्र’ एवढाच. ‘ओ’ हा जोडस्वर. पुढे व्यंजन असेल तर टिकतो (नेफ्रॉलॉजी), स्वर आला की गळतो (नेफ्रायटिस). आपल्या संधीसारखंच. साधारण 2 सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी जी पीसीएनएल शस्त्रक्रिया करतात, तिच्यातला ‘एनएल’ म्हणजे नेफ्रोलिथोटॉमी: मूत्रपिंड, दगड, छेद. आधीचं ‘परक्युटेनियस’, म्हणजे त्वचेतून, हे मात्र लॅटिन. अशी खिचडी वैद्यकात चालते.

कॅल्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये बारीक खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करत, म्हणून गणितातलं कॅल्क्युलसही त्याच घरचं. ‘हायड्रो’ म्हणजे पाणी. त्यामुळे ‘किडनीत पाणी झालं’ म्हणून घरचे घाबरतात, पण ते बाहेरून शिरलेलं पाणी नव्हे. पाटचारीत कचरा अडकला की मागे पाणी तुंबतं, तशी खड्यामागे लघवी तुंबते आणि मूत्रपिंड फुगतं.

फोनवर नंबर लावताना ‘नेफ्रो’चं ‘न्यूरो’ ऐकू येतं आणि पथरीचा पेशंट मेंदूच्या डॉक्टरांच्या रांगेत बसतो. शब्द पूर्ण उच्चारावा, सोबत ‘किडनीचे’ म्हणावं.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी ‘ॲड्रीनल’: लॅटिन ‘ॲड’ म्हणजे जवळ. तिच्या एका स्रावाचं नाव ॲड्रेनलिन. ग्रीकमध्ये ‘एपि’ म्हणजे वर, म्हणून अमेरिकेत त्याच रसायनाला एपिनेफ्रिन म्हणतात. तीव्र ॲलर्जीत देतात त्या इंजेक्शनवर आपल्याकडे ॲड्रेनलिन छापलेलं असतं. तिकडच्या कागदावर एपिनेफ्रिन दिसलं तरी औषध तेच.