आल्फ्रेड राजाने ऑक्सफर्ड स्थापन केले नाही

ऑक्सफर्ड विद्यापीठ, निदान तिथले युनिव्हर्सिटी कॉलेज तरी, नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाने काढले, असे अजूनही सांगितले जाते. कागदपत्रे मात्र वेगळेच बोलतात. डरहॅमचा विल्यम हा विद्वान 1249 मध्ये वारला, तेव्हा त्याने शिक्षकांच्या पोटापाण्यासाठी 310 मार्क (तेव्हाचे हिशेबाचे चलन) मागे ठेवले. कॉलेजचा उगम तो.

मग आल्फ्रेड आला कुठून? 1380च्या दशकात कॉलेज एका मालमत्तेच्या खटल्यात अडकले होते. राजाचा आधार हवा, म्हणून थेट दुसऱ्या रिचर्डकडे अर्ज केला: आमचे कॉलेज आपल्याच पूर्वजाने, आल्फ्रेडने स्थापले. भर म्हणून संत बीड हा जुना इंग्रज इतिहासकार इथेच शिकला, असेही ठोकून दिले. आता बीड वारला 735 मध्ये, आणि आल्फ्रेड जन्मला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी! वकिली बुद्धीने घातलेली ही लोणकढी थाप, पण टिकली चांगलीच. 1727 मध्ये न्यायालयानेही कॉलेज राजाने स्थापल्याचे मान्य केले आणि 1872 मध्ये कॉलेजने हजारावा वाढदिवस मेजवानी झोडून साजरा केला.