टाइप टूचे गट कसे पडत गेले

मधुमेहाच्या ओपीडीत नंबर लावून बसलेल्या कुणाच्याही मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, कधीतरी केलेली एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, घडी मोडून फाटत आलेला ईसीजी. रिपोर्ट ढीगभर, पण डॉक्टर पाहतात तो सगळ्यात वरचा. हे सगळे आकडे, तेही हजारो रुग्णांचे, एकत्र मांडले तर कुणाला कोणते औषध लागेल आणि कुणाचे डोळे आधी सांभाळायला हवेत हे सांगता येईल का, या प्रश्नाचा इतिहास बराच जुना आहे.

सगळे मधुमेही सारखे नसतात, हे चरकसंहितेलाही माहीत होते. स्थूल आणि बलवान प्रमेही वेगळा, कृश आणि दुर्बल वेगळा, आणि दोघांचे उपचारही वेगळे. आधुनिक वैद्यकात १९३६ साली लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना ग्लुकोज पाजून सोबत इन्सुलिन, म्हणजे साखर उतरवणारे संप्रेरक, टोचून पाहिले. काहींची साखर इन्सुलिनला दाद देई, काहींची देत नसे. पुढे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो टाइप वन आणि बाकीचा टाइप टू, ही नावे रुळली. टाइप टू मात्र गोदामासारखा झाला. जे दुसरीकडे बसत नाही, ते सगळे त्यात.

गोदाम आवरायला घेतले ते स्वीडनच्या दक्षिणेकडच्या स्कोनं प्रांतात. लुंड विद्यापीठाच्या लेफ ग्रूप यांच्या गटाने तिथल्या नव्या रुग्णांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि २०१८ साली ८,९८० जणांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. निकष सहाच होते: निदानावेळचे वय, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), एचबीएवनसी, शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटले आहे का हे सांगणारी अँटिबॉडी, इन्सुलिन किती तयार होते आणि शरीर त्याला किती दाद देत नाही. यातून पाच गट पडले. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या गटात मूत्रपिंडाचा धोका जास्त निघाला, तर इन्सुलिनच कमी पडणाऱ्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा. उपचाराच्या दृष्टीने ही मोलाची माहिती, पण ती स्वीडिश शरीरांची होती.

भारतीय शरीर वेगळे आहे, हे पुण्याला आधीच कळले होते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायूंचे वजन. चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर किती विसंबायचे, हे त्या फोटोने कुठल्याही तक्त्यापेक्षा चटकन पटवून दिले.

त्यामुळे पुढचा निष्कर्ष फारसा धक्कादायक नव्हता. पुण्यात पंचेचाळिशीच्या आत टाइप टूचे निदान झालेल्या दीड हजारांहून अधिक जणांची माहिती लुंडच्या संशोधकांसोबत तपासली गेली, आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आले. स्वीडनमध्ये या वयात लठ्ठपणाशी जोडलेला सौम्य गट मोठा. पुण्यात इन्सुलिनच तोकडे पडणारा. अशा सडपातळ तरुणाला ‘वजन कमी करा’ एवढाच सल्ला देऊन कसे भागेल? त्याआधी २०२० मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी १९,०८४ भारतीयांच्या माहितीतून चार गट काढले होते. त्यातला एक, इन्सुलिन कमी आणि वर त्याला दादही नाही असा, स्वीडनच्या यादीत नव्हताच.

माहितीच्या ढिगातून ज्यांची माहिती, त्यांचेच चित्र निघते. सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही आरोग्याच्या नोंदी डिजिटल करणारी सरकारी योजना देशभर सुरू आहे. ‘आभा’ या चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांकावर, रुग्णाच्या संमतीने, ठिकठिकाणचे रिपोर्ट जोडता येतात. पिशवी मोबाइलमध्ये गेली, हे चांगलेच झाले. पण इन्सुलिन किती बनते हे सांगणारी सी-पेप्टाइड चाचणी गावातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली असते. ती त्या प्लास्टिकच्या पिशवीत नव्हती, मग मोबाइलमध्ये कुठून येणार?