वळ वाचणारे डॉक्टर

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. सांगलीकर ते विसरलेले नाहीत. देह राहिला असता तर तो बोलला असता.

लाठीचा वळ नीट पाहिला तर दोन समांतर रेघा दिसतात, मधली पट्टी फिकी. आधी लाल, मग निळसर, हिरवट, पिवळा. दोनेक आठवड्यांत सगळं मावळतं. तळपायावरचा मार त्याहून लबाड. सूज उतरली की वरून काही दिसत नाही, पण टाचेखालची गादी चेपलेली असते आणि माणूस लंगडत राहतो. साताऱ्याच्या प्रतिसरकारला ‘पत्री सरकार’ का म्हणत, याची तळपायाशी जोडलेली आख्यायिका आपल्याकडं घरोघरी ऐकायला मिळते. हा मार आपल्याला अनोळखी नाही.

या खुणा वाचण्याचं शास्त्र छळाविरुद्ध वापरायला डेन्मार्कमध्ये इंगे गेनेफ्के आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये सुरुवात केली. पुढच्याच वर्षी जागतिक वैद्यकीय संघटनेनं टोकियोत जाहीर केलं, की डॉक्टरनं छळात कुठल्याही रूपानं सामील होऊ नये.

तरी १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कोठडीतल्या स्टीव्ह बिको या वर्णभेदविरोधी नेत्याला तपासून एका सरकारी डॉक्टरनं ‘काही दोष आढळला नाही’ असं लिहून दिलं. बिको काही दिवसांत गेला. त्याच डॉक्टरच्या हाताखाली पोर्ट एलिझाबेथला वेंडी ऑर ही तरुण डॉक्टर पुढं रुजू झाली. कैद्यांच्या अंगावरच्या जखमा ती रोज नोंदवत होती. १९८५ मध्ये त्याच नोंदी घेऊन ती न्यायालयात गेली आणि पोलिसांना मारहाणीपासून रोखणारा आदेश मिळवला. हे धाडस मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठं वाटतं.

१९९९ च्या इस्तंबूल प्रोटोकॉलनं अशा तपासणीची पद्धत घालून दिली. भारतात डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये कोठडीतल्या व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली. मंजुरी मात्र अजून नाही.

‘साहेब, मेडिकल करून द्या,’ असं म्हणत पोलीस रात्री सिव्हिलला येतात. इस्तंबूलची पद्धत सांगते, की आधी पोलिसांना खोलीबाहेर थांबवावं, मग विचारावं. शर्ट काढून पाठ पाहावी. चपला काढायला लावून तळवेही पाहावेत.