गृहशुश्रूषेची नेमणूक (ग्रामीण विदर्भ)

वार्धक्य, आजार किंवा अपंगत्वामुळे परावलंबी झालेल्या प्रौढ व्यक्तीला तिच्या घरीच आंघोळ, जेवण, औषधपाणी, कूस बदलणे अशी मदत मिळावी, यासाठी गरज ठरवणे, माणूस नेमणे, पैसे देणे आणि काम तपासणे हा व्यवहार. इंग्लंडमध्ये २०१४ च्या ‘केअर ॲक्ट’नुसार गरज तपासून सेवेची सोय लावणे ही स्थानिक परिषदेची जबाबदारी आहे. विदर्भातल्या खेड्यात हे सगळे घरचा कर्ता पाहतो आणि प्रत्यक्ष सेवा बहुतेक वेळा सुनेच्या वाट्याला येते.

ज्याला परवडते तो ‘बाई लावतो’. ही बाई सहसा गावातलीच शेतमजूर असते, त्यामुळे तिची उपलब्धता पिकावर ठरते. सोयाबीनची सोंगणी आणि त्यामागून येणारी कापूसवेचणी या काळात बाजेवर पडलेल्या म्हाताऱ्याजवळ बसायला माणूस मिळणे कठीण. गडचिरोलीकडे हीच अडचण उन्हाळ्यात, मोहफुले आणि तेंदूपानांच्या दिवसांत येते. करार तोंडी असतो. रोख पैशांसोबत जेवण किंवा धान्यही ठरते. कोणाचे मलमूत्र कोण काढणार, कोणाच्या चुलीपर्यंत कोण जाणार, यात जात येतेच, फक्त ती बोलून दाखवली जात नाही.

खरे तर नवजात बाळांना घरी जाऊन सेवा देण्याची, पुढे देशभर गेलेली रीत याच भागात घडली. डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने (स्थापना १९८६) गडचिरोलीतील गावांमधल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. पुढे देशभर हे काम आशांकडे, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकांकडे आले: दवाखान्यात बाळंतपण झाले तर ६ भेटी, घरी झाले तर ७, आणि भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये. कोणी, किती वेळा, कितीत, हे सगळे ठरलेले. लकवा मारलेल्या माणसाच्या रोजच्या आंघोळीसाठी असा हिशेब कोणी मांडलेला नाही. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरभेटी आहेत, पण कर्मचारी पाहून जातो. आंघोळ घालणारे घरचेच.

पैशाच्या वाटा तुटक आहेत. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे अनुदान २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाले. ७० वर्षांवरील व्यक्तींसाठीचे ५ लाखांचे आयुष्मान संरक्षण दवाखान्यात भरती झाल्यावरच उपयोगी पडते. दिव्यांग हक्क कायद्यात (२०१६) काळजीवाहकासाठी भत्त्याचा उल्लेख आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, पण घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणाऱ्या लहान पंचायतीचे ५ टक्के म्हणजे किती! ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली (२००७) मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. तेथेही पैसे मिळतात; उठवून बसवणारा माणूस मिळत नाही.

तपासणी हा सर्वांत दुबळा भाग. सतत पडून राहिल्याने पाठीवर झालेली जखम बहुधा तेव्हाच दिसते, जेव्हा आशा भलत्याच सर्वेक्षणासाठी दारात येते आणि आतून वास येतो.